जरा सांभाळून घ्या

“पाचवी फेरी,” पोस्टमन म्हणाले आणि बाकाकडे ढुंकूनही न बघता पुढे निघाले.

टेलर धास्तावून त्यांच्या मागे निघाला.

तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस बागेची एक फेरी झाली की बाकावर टेकायचा. “दम लागला बुवा, बसू या जरा,” म्हणायचा. जन्मभर पायी हिंडून पत्रं वाटली, आणि निवृत्त झाल्यावर ही गत! टेलरला फार वाईट वाटायचं. धाप त्यालाही लागायची, पण चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला ती लागणारच, त्याचं काय एवढं.

आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी वस्तीत ‘सोबत’ नावाचा उपक्रम काढला होता. एकट्या राहणाऱ्या माणसाला कोणीतरी सोबती द्यायचा. दोघांनी रोज चालायचं, एकत्र बसून नीट जेवायचं. मुदत तीन महिने. पोस्टमनना घेऊन त्या टेलरच्या दारात आल्या, तेव्हा नेहमीप्रमाणे घाईत होत्या.

“उद्यापासून तुम्ही दोघं. चालायचं आणि पोटभर खायचं. एकटं राहून माणूस खंगतो हो. जरा सांभाळून घ्या,” एवढं म्हणून त्या जिना उतरल्यासुद्धा.

टेलरने पोस्टमनना नजरेनेच मापून घेतलं. शर्ट खांद्यात सैल, बाही अर्धा इंच लांब. म्हणजे घरात बघणारं कोणी नाही. घेऊ सांभाळून, असं त्याने ठरवून टाकलं.

खरं तर बायको गेल्यापासून टेलरलाही घर खायला उठत होतं. मुलगी परगावी. तिने फोनवर “बाबा, जेवलात ना?” विचारलं की तो चहा-बिस्किटांना जेवण म्हणून खपवायचा. पण आता आपली कोणाला तरी गरज आहे म्हटल्यावर त्याला आपोआप जाग येऊ लागली. तो रोज दाढी करू लागला. घडीचा शर्ट घालू लागला.

पोस्टमनना घरी करमत नसावं, कारण साडेसहाच्या ठोक्याला ते टेलरच्या दारात हजर असायचे. येताना भलामोठा डबा आणायचे. भाज्या, उकडलेली अंडी, फळं. आणि चार घास खाल्ले की हात आखडता घ्यायचे.

“मला नाही जात एवढं. टाकून द्यायचं का आता?”

मग त्यांना हुरूप यावा म्हणून टेलर समोर बसून चवीचवीने खायचा. “बघा, असं खायचं,” म्हणत डबा रिकामा करायचा. पोस्टमन हसत बघत बसायचे. वर रोज विचारायचे, “काल संध्याकाळी काय खाल्लंत?” ज्याला भूक नाही त्याला दुसऱ्याच्या जेवणाच्या चौकशा फार, असं टेलरला वाटायचं.

दर शनिवारी केंद्रात हजेरी असायची. नर्सबाई विचारायच्या, “काय, कसं चाललंय?”

“दोन फेऱ्या होतात आता. भूकही जरा उघडलीय,” टेलर ऐटीत सांगायचा. नर्सबाई खूश होऊन लिहून घ्यायच्या.

आज मात्र पाच फेऱ्या झाल्या. डबाही दोघांनी मिळून चाटूनपुसून संपवला. आणि आज शेवटचा शनिवार होता.

“आता पुढे काय?” पाण्याची बाटली पुढे करत टेलरने उगाच विचारल्यासारखं विचारलं.

“पुढे काय? बघू.” पोस्टमननी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “बाई दुसरी जोडी लावून देतील. पलीकडच्या गल्लीत पुष्कळ एकटी माणसं आहेत म्हणे.”

“हो, असतील की.”

‘जोडी कशाला मोडायची, आपण असेच फिरू या,’ एवढंच म्हणायचं होतं. पण टेलरची जीभ रेटेना. हा माणूस आता ठणठणीत झाला. बऱ्या झालेल्या माणसाने आपल्यासारख्या रडतराऊताबरोबर कशाला फिरावं? त्याला उद्याची सकाळ दिसू लागली. दाराशी कोणी नाही, टेबलावर चहा आणि बिस्किटं. त्याला खरोखर रडू यायला लागलं.

केंद्रात आधी पोस्टमन आत गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले, ते टेलरची नजर चुकवतच.

“जा, बोलावलंय तुम्हाला.”

जन्मात ‘उद्या नक्की देतो’ आणि ‘हो, जेवलो’ याखेरीज खोटं न बोललेला टेलर खुर्चीत बसला.

“या काका. कसं चाललंय?” नर्सबाईंनी पेन उघडलं.

“काही खरं नाही, बाई. एका फेरीत धाप लागते. खाणं तर विचारूच नका. आणखी काही महिने सोबत लागणार.” एका दमात बोलून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

नर्सबाईंचा चेहरा पडला. “अहो, असं कसं? तब्येत तर किती सुधारलेली दिसतेय तुमची!”

“माझी कुठे काढताय? मी पोस्टमनचं सांगतोय.”

“पोस्टमनचं?”

नर्सबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी टेबलावरचा कागद त्याच्याकडे फिरवला. वर ‘सोबतीची गरज असलेली व्यक्ती’ या छापील ओळीपुढे टेलरचं नाव होतं. ‘स्वयंसेवक’ या ओळीपुढे पोस्टमनचं. आणि खाली, आजच्या तारखेखाली, पोस्टमनच्या वळणदार अक्षरात आत्ताच लिहिलेलं होतं:

‘टेलरमध्ये काडीचाही फरक नाही. एका फेरीत थकतात, जेवणाच्या नावाने बोंब. कृपया मला दुसरीकडे पाठवू नये.’