मुशीचे दात

डोंबिवलीच्या बाजारात सगुणाची पापलेटं तशीच पडून होती आणि शेजारी जनीच्या पाटीभोवती बायकांचा घोळका. आदल्या दिवशी टीव्हीवर फळी घेऊन लाटांवर खेळणाऱ्या गोऱ्यांना शार्क चावताना सगळ्यांनी पाहिलं होतं. जनीनं दंडावरचा दातांचा वण दाखवला. “आमच्या खाडीतली मुशी, म्हणजे शार्कच की, चावली मला!” “अगंबाई! का चावते गं?” एकीनं विचारलं. “पाण्यात पाय हलले की तिला मासा वाटतो. चूक कळली की सोडते. आपण हातपाय झाडायचे नाहीत, नाकावर बुक्की हाणायची. मी हाणली, तर सुसाट पळाली!” बघता बघता जनीची पाटी रिकामी झाली. सगुणाचा जळफळाट झाला. ती कोयता टाकून ताडकन उठली. “मुशी कसली? हिच्या नवऱ्यानं लहानपणी बोरं मला सोडून हिला दिली, म्हणून मीच चावले होते! चुकून नाही, मुद्दाम! आणि सोडलं ते आई आली म्हणून!”