पोह्यांची पुरचुंडी

"बुवा, नुसतं 'आ' तरी म्हणा हो!" डॉक्टर ऋजुता विनवत होती. कर्करोगामुळे नरहरीबुवांची स्वरपेटी काढावी लागली होती. आता गळ्यावरचं छिद्र अंगठ्याने झाकलं, की आत बसवलेल्या झडपेतून आवाज निघणार होता. अशा शस्त्रक्रियेनंतर वाचा कशी परतते, हाच ऋजुताच्या एमएसच्या प्रबंधाचा विषय होता.

पण बुवांचा हात मांडीवरून हलेना. जन्मभर गोड गळ्याने कीर्तनं केली. आता असल्या घोगऱ्या आवाजात देवाचं नाव घ्यायचं? त्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

"ठीक आहे, मग आज मीच कीर्तन करते," म्हणत ऋजुता पलंगाच्या कडेला टेकली. "सुदामा द्वारकेला पोचला. ऐटीत पुरचुंडी सोडून कृष्णाला म्हणाला, घे, खा पोहे!"

बुवांना राहवेना. अंगठा आपसूक गळ्यावर गेला.

"ऐटीत कसला? डॉक्टर झालीस, आणि एवढं ठाऊक नाही?" आवाज खरखरीत होता, पण शब्द न् शब्द कळत होता. "लाजला बिचारा! असले पोहे देवाला कसे द्यायचे, म्हणून काखेत लपवत होता. शेवटी देवानेच ओढून घेतले आणि..."

बुवा थांबले. आपण काय बोललो, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. डोळे भरून आले.

"आणि?" ऋजुताने हळूच विचारलं.

अंगठा तसाच ठेवून बुवा पलंगावरून उतरले, उभे राहिले.

"कीर्तन बसून करत नाहीत, पोरी. सरक जरा."