पुढच्या वर्षाची दहा वाक्यं

रविवारी दुपारी शिलाई मशीनवर वही ठेवून आई इंग्रजी भूतकाळाची क्रियापदं घोकत होती.

"'गो'चं एकदम 'वेन्ट'? अगं, सासरी जाऊनसुद्धा माणूस इतकं बदलत नाही!"

मला हसू आवरेना. पहिल्या तपासणीनंतर तिनेच हट्ट धरला होता, मला इंग्रजी शिकव म्हणून. मला वाटलं, बरंच झालं, आजारपणात तेवढंच मन रमेल. दवाखान्यात डॉक्टर आणि मी तिच्यासमोर इंग्रजीतच बोलायचो. बाहेर आल्यावर मी तिला सांगायचे, "अशक्तपणा आहे नुसता. महिन्याभरात कामाला लागशील." ती बरं म्हणायची आणि रिक्षात बसायची.

त्या दिवशी मी तिला भविष्यकाळ शिकवला आणि गृहपाठ दिला : पुढच्या वर्षी आपल्या घरात काय काय होईल, त्यावर दहा वाक्यं लिही.

"लिहिते हो, बाई. पण छडी नको," ती म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी ती गेली.

वही मी आज उघडली. दहाही वाक्यं बिनचूक होती. मुलगी वेळेवर जेवेल. बाबांच्या गोळ्या तीच देईल. शिलाई मशीन ती विकून टाकेल. पडदे ती बाहेरून शिवून घेईल. दहापैकी एकाही वाक्यात आई नव्हती.



रिकाम्या खोलीत मी मोठ्यांदा म्हणाले, "आई, तू बरी होणार नव्हतीस. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं."