पहिला आठवडा

पिंकीचा इंजिनिअरिंग कॉलेजातला पहिला आठवडा संपला. शनिवारी ती कुरुळी गावातल्या चाळीतल्या खोलीवर परतली, तेव्हा तिची आई इंदुताई नुकतीच कंपनीतून पॅकिंगची शिफ्ट संपवून आली होती. अख्ख्या चाळीतून इंजिनिअरिंगला गेलेली पिंकी पहिलीच.

"कसं हाय गं कॉलेज?"

पिंकीचे डोळे भरून आले. "आई, सर काय शिकवतात ते मला कळतच नाही. बारावीपर्यंत सगळे मराठीत समजावून सांगायचे. इथं सगळं इंग्रजीत, आणि तेही भरभर."

"मग विचारायचं ना, बाळा."

"विचारलं. सरांनी तेच परत इंग्रजीत सांगितलं. मी कळलं म्हणाले."

इंदुताई चौथी शिकलेली. पिंकी लहान असताना शाळेतल्या बाई पालकांना एक गोष्ट नेहमी सांगायच्या, तेवढीच तिला आठवली.

"तू पुढं बसत जा. पुढं बसलं की नीट ध्यानात येतं."

पिंकीने ओढणीने डोळे पुसले. आईला वाईट वाटू नये म्हणून ती अगदी हळू म्हणाली,

"आई, मी पहिल्याच बाकावर बसते गं."