फाटकापर्यंतची टेस्ट ड्राइव्ह

नांदेडच्या शोरूममधली प्रत्येक गाडी उद्धवरावांनी टेस्ट ड्राइव्हला थेट स्वतःच्या घराच्या फाटकाशी आणली. शेजारी बसलेला सेल्समन आनंदराज सनरूफ अन् मायलेजचं सांगत राहायचा. त्यांचं लक्ष मात्र घराच्या दाराकडं.

डिझेलची गाडी थांबली, तशा त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाकाकू पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आल्या. गाडीत वाकून बघितलं आणि परत आत गेल्या.

"ही नको," उद्धवराव म्हणाले.

पेट्रोलच्या गाडीलाही तेच झालं.

"काकूंना पसंतच पडंना, सर. आता ही हायब्रिड बघा. महाग हाय, पण चालू हाय का बंद, कळतबी न्हाई."

हायब्रिड फाटकाशी येऊन थांबली. या वेळी दार उघडलं नाही. उद्धवरावांनी दाराकडं बघत स्टिअरिंगवरचा हात काढला.

"हीच बुक कर."

"अन् काकूंना दाखवायची न्हाई?"

"नको रे बाबा."

 

"आमचा मुलगा वरद वारून वर्ष झालं, तरी फाटकाशी गाडी वाजली की ती त्याचं ताट वाढायला घेते."