गरम बॉनेट

काळूरामनं बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. गाडी सकाळपासून पत्र्याच्या शेडखाली सावलीत उभी असायला हवी होती. विमा संपून नऊ दिवस झालेले. नवा उतरेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, असं त्यानं पोराला दोनदा बजावलं होतं.

"गरम हाय," तो म्हणाला.

"मग फोटो काढू, की परत जाऊ?" विम्याचा एजंट सुयोग म्हणाला. काळूरामला मोटारसायकलवर मागं बसवून तो शहापूरहून आला होता, सांगितलेल्या वेळेच्या चांगला तासभर आधी. संपलेला विमा परत चालू करायचा तर गाडीचे चारी बाजूंनी फोटो लागतात. का, तर लोक आधी ठोकतात आणि मग विमा उतरवायला धावतात. सुयोगनं असले नमुने ढिगानं पाहिले होते. चहा घ्या, चहा घ्या म्हणून मागं लागणाऱ्या गिऱ्हाइकावर तर त्याचा अजिबात विश्वास नव्हता.

काळूरामनं घराकडं तोंड करून हाक मारली. आदेश बाहेर आला. अठरा पूर्ण होऊन दोन महिने, लायसन हातात पडून आठवडा. बापापेक्षा चार बोटं उंच. त्याला गाडी चालवता यावी म्हणून तर हा सगळा विम्याचा खटाटोप चालला होता.

"गाडी चालवलीस?"

"मी नाय चालवली."

"मग काय भुतानं चालवली?"

सुयोग पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. बंपरच्या खालून त्यानं मूठभर पेंढा ओढून काढला आणि काळूरामच्या नाकासमोर धरला.

"रोडवर पेंढा नसतो, काका. गाडी रस्ता सोडून खाली उतरलेली आहे. कुणाला लागलंय का? असेल तर आत्ताच सांगा. उद्या कुणी पोलिसात गेलं तर तुमच्याबरोबर मीही जायचो."

कुणाचं ढोर असेल, कुणाचं पोर असेल. गेल्या नऊ दिवसांत इथं आटगावच्या बाजूला काही झालं होतं का, ते काळूराम आठवू लागला.

"कुणाला उडवलंस रे?"

"कुणाला नाय, बाबा. मी चालवलीच नाय. तुमची शप्पथ."

"मग कुणी चालवली, नाव सांग त्याचं."

पोराचे डोळे भरून आले, पण तोंड काही उघडेना. सुयोग त्याच्याकडं रोखून बघत होता. पोरगा दर वेळी 'मी नाय चालवली' म्हणत होता, गाडी गेलीच नाही असं एकदाही म्हणाला नव्हता. कुठंतरी पाणी मुरतंय, हे सुयोगला कळलं.

"ऱ्हाऊ दे," काळूराम म्हणाला. "धसईचा कुंडलिक कधीपासून गाडी मागतोय. देऊन टाकतो त्याला. विमा पण नको नि गाडी पण नको. तुजं लायसन देव्हाऱ्यात ठेव आणि रोज पूज."

त्यानं खरंच फोन काढला आणि कुंडलिकचा नंबर लावला. आदेशनं घराच्या दाराकडं बघितलं आणि परत मान खाली घातली. गाडी गेली तर गेली, पण बापानं शपथेवरही विश्वास ठेवला नाही, हे त्याला फार लागलं होतं.

आलोच आहे तर मीटरचा फोटो तरी काढून ठेवावा, म्हणून सुयोग दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसायला गेला. त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढं ओढलेली होती आणि तिच्यावर चौघडी करून गोधडी ठेवली होती.

"काका, हे काम तुमच्या पोराचं नाही," गुडघा चोळत तो म्हणाला. "तो इथं बसला तर त्याचं डोकं छताला लागेल. कुणीतरी बुटकं माणूस चालवतंय."

काळूरामनं आत वाकून गोधडी बघितली. ती त्याच्याच घरातली होती. फोनवर कुंडलिक हॅलो हॅलो करत होता. काळूरामनं फोन बंद केला.

तेवढ्यात त्याची बायको रंभा चहा घेऊन आली. तिनं कपबशा बॉनेटवर ठेवल्या.

"पेंढा आपल्या खाचरातला हाय," ती म्हणाली. "भात काढल्यापासून तिथंच फिरवते. रोडला नाय काढली. आदेश बाजूला बसतो, ब्रेक बोलला की दाबते. मीच त्याला बोलले, बाबांना सांगू नको."

"तू?" काळूराम म्हणाला. "मला ईचारायचंस तरी."

"ईचारलं असतं तर हो बोलला असता?"

आदेशनं बाहीनं डोळे पुसले.

सुयोगनं पिशवीतून फॉर्म काढला. गाडी कोण चालवणार, या रकान्यात आदेशचं नाव आणि वय त्यानं शहापुरातच लिहून ठेवलं होतं. खालची ओळ रिकामी होती. सवयीनं त्यानं काळूरामकडं बघितलं. काळूराम चहाकडं बघत होता.

"रंभा लिवा. वय अडतीस," ती म्हणाली.

"लायसन?"

"शिकाऊ हाय." मग ती नवऱ्याकडं वळली. "गाडी इकायची तर बुधवारनंतर इका. बुधवारी माजी टेस्ट हाय."