पाण्यातली कबर

वर्दोयो टीव्हीवरच्या एका मालिकेत पापी माणसांची प्रेतं वठवायचा. दर गोष्टीच्या शेवटी त्याच्या कबरीत पाणी भरायचं आणि गाव म्हणायचं, "भोगलं केल्याचं!"

"अहो, अजून किती वेळा मरायचंय?" बायको, सुमियाती, चिडवायची.

"एकदाच. कॅमेऱ्याशिवाय."

मग तो खरंच गेला. उत्तर जकार्तात कंबरभर खणलं की पाणी लागतंच. कुणाचीही कबर असो, शेजारीपाजारी बादल्यांनी उपसतात. वर्दोयोच्या कबरीतही पाणी आलं. पण बादलीला कुणी हात लावला नाही. सगळ्यांच्या हातात फोन होते.

"वहिनी, खरं सांगा," शेजारचा हार्सोनो कुजबुजला, "काय केलं होतं हो यांनी?"

"तुमच्या वडिलांच्या कबरीतलं पाणी उपसलं होतं," सुमियाती म्हणाली, आणि बादली घेऊन स्वतःच खाली वाकली.

तेही सगळ्यांनी टिपलं. संध्याकाळपर्यंत देशभर पाहिलं गेलं.

 

 

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मालिकेचा लेखकही आला. जेवून, हात पुसत म्हणाला, "वहिनी, शेवट तर तयारच आहे. त्यांचं पाप तेवढं सांगा."